ओकोलोबिरीचा इशारा

२०१७ च्या सप्टेंबरमध्ये नायजेरियाच्या बायेल्सा राज्यात, ओकोलोबिरी इथल्या नायजर डेल्टा विद्यापीठाच्या रुग्णालयात अकरा वर्षांचा एक मुलगा तपासणीसाठी आला. त्याच्या अंगावर टपोरे फोड उठले होते. संसर्गजन्य रोगांचे तज्ज्ञ डॉ. दिमी ओगोइना यांना मंकीपॉक्सची शंका आली. नायजेरियात या रोगाचा शेवटचा रुग्ण १९७८ साली नोंदला गेला होता आणि त्यानंतरच्या ३९ वर्षांत एकही नाही. नमुने तपासले गेले आणि शंका खरी ठरली.

पुढच्या आठवड्यांत रुग्ण येत राहिले. मंकीपॉक्स म्हणजे जंगलाकाठच्या खेड्यांतल्या लहान मुलांचा, उंदीर-खारींसारख्या प्राण्यांपासून लागणारा रोग, अशी तोवरची शिकवण होती. ओगोइना यांच्यासमोर मात्र शहरांत राहणारे, विशी-तिशीतले कमावते पुरुष बसले होते आणि अनेकांचे फोड जननेंद्रियांवर होते. त्यांनी रुग्णांच्या शरीरसंबंधांची विचारपूस केली आणि २०१९ साली सहकाऱ्यांसह शोधनिबंधात मांडलं की हा विषाणू लैंगिक संबंधांतूनही पसरत असावा.

त्यांचं दुसरं निरीक्षण तितकंच महत्त्वाचं होतं. रुग्णालयात दाखल झालेल्या ४० रुग्णांचा त्यांनी अभ्यास केला. त्यांपैकी ५ दगावले. ४० पैकी ९ जणांना एचआयव्हीची लागण होती आणि या नऊ जणांचं दुखणं इतरांपेक्षा वेगळं होतं. त्यांचे फोड मोठे, काही तर दोन सेंटिमीटरहून अधिक रुंद. जननेंद्रियांवर खोल जखमा. त्यांत जिवाणूंचा संसर्ग होऊन पू धरलेला. आणि आजार लांबलेला. २०२० साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा जग कोविडमध्ये बुडालेलं होतं. एका देशाच्या कोपऱ्यातल्या चाळीस रुग्णांची दखल कोणी घेतली नाही. दोनच वर्षांत ती न घेण्याची किंमत जगभर मोजली गेली.

मंकीपॉक्स आणि एचआयव्ही यांची ही गाठ पडली कशी, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. हा विषाणू पहिल्यांदा सापडला तो १९५८ साली, डेन्मार्कच्या कोपनहेगनमधल्या प्रयोगशाळेत. पोलिओविषयक संशोधनासाठी सिंगापूरहून आणलेल्या माकडांच्या अंगावर फोड आले होते, त्यावरून त्याला मंकीपॉक्स हे नाव पडलं. माणसातला पहिला रुग्ण १९७० साली आढळला. आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातल्या बासानकुसू इथल्या रुग्णालयात नऊ महिन्यांचं एक बाळ आणलं गेलं. त्या भागातून देवीचा रोग नुकताच हद्दपार झाला होता, म्हणून देवी परत आल्या की काय या धास्तीने नमुने तपासले गेले आणि वेगळाच विषाणू निघाला. तो देवीच्याच कुळातला होता. म्हणूनच देवीची लस याच्यापासूनही संरक्षण देत होती. काँगोतल्या नोंदींवरून हे संरक्षण सुमारे ८५ टक्के असल्याचं पुढे दिसून आलं.

मे १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पृथ्वीवरून देवी गेल्याचं जाहीर केलं. लस टोचणं थांबलं. आपल्याकडे पन्नाशी ओलांडलेल्यांच्या दंडावर जो लशीचा गोल व्रण दिसतो, तो त्यानंतर जन्मलेल्या पिढ्यांच्या दंडावर नाही. ते संरक्षण एकेका वर्षाने ओसरत गेलं. आणि देवी गेल्याच्या घोषणेनंतर तेरा महिन्यांनी, ५ जून १९८१ रोजी, अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची छोटी नोंद छापून आली. ती एड्सची पहिली नोंद. एकीकडे देवीच्या कुळाविरुद्धची ढाल खाली ठेवली जात होती आणि दुसरीकडे माणसाची प्रतिकारशक्तीच पोखरणारा विषाणू खंडोखंडी पसरत होता. पुढे चाळीस वर्षांनी या दोन घटनांचे परिणाम एकाच रुग्णाच्या अंगावर एकत्र दिसणार होते.

याची पहिली चुणूक १९८४ सालीच मिळाली होती. अमेरिकी लष्करात तेव्हाही जवानांना देवीची लस देत. एकोणीस वर्षांच्या, धडधाकट दिसणाऱ्या एका नव्या जवानाला ती टोचली गेली. काही आठवड्यांतच त्याला बुरशीमुळे होणारा मेंदुज्वर झाला आणि पाठोपाठ लशीतला जिवंत विषाणू अंगभर पसरून फोड उठले. तपासाअंती कळलं की त्याला एड्स आहे. लस टोचली तेव्हा ते कोणालाच, त्यालाही, ठाऊक नव्हतं. ही हकीकत १९८७ साली वैद्यकीय नियतकालिकात आली आणि डॉक्टरांच्या मनात एक भीती घर करून बसली: ज्यांना संरक्षणाची सर्वाधिक गरज, त्यांनाच जुनी लस घातक. १९९६-९७ मध्ये काँगोच्या कासाई भागात मंकीपॉक्सची मोठी साथ आली, तेव्हा लस पुन्हा सुरू करावी का, या विचारात एचआयव्हीचा हाच धोका आडवा आला.

यातून मार्ग काढणारी लस त्याआधीच तयार होती, पण देवी संपल्यामुळे बासनात गेली होती. म्युनिकमध्ये आंटोन मायर यांनी अंकाराहून आलेल्या लशीचा विषाणू कोंबडीच्या गर्भपेशींमध्ये पाचशेहून अधिक वेळा वाढवला. इतक्या पिढ्यांनंतर त्याच्या जनुकांचा बराच भाग गळून गेला आणि माणसाच्या पेशींत वाढण्याची ताकदच त्याला उरली नाही. तो शरीराला शत्रूची ओळख करून देतो, पण स्वतः फैलावत नाही. अमेरिकेवरच्या २००१ च्या हल्ल्यांनंतर देवीचा विषाणू शस्त्र म्हणून वापरला जाण्याची भीती पसरली, तेव्हा बव्हेरियन नॉर्डिक या डॅनिश कंपनीने हीच लस पुढे नेली. एचआयव्हीसह जगणाऱ्या शेकडो लोकांवर तिची चाचणी झाली आणि ती सुरक्षित ठरली. २०१९ मध्ये अमेरिकेने तिला देवी व मंकीपॉक्स या दोन्हींसाठी मान्यता दिली. म्हणजे २०२२ ची साथ आली तेव्हा विज्ञानाच्या हातात सुरक्षित लस होती. प्रश्न ती कोणाकडे आहे, एवढाच होता.

मे २०२२ मध्ये ब्रिटन, पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये, आफ्रिकेतल्या साथीच्या भागांत प्रवास न केलेल्या पुरुषांमध्ये मंकीपॉक्स आढळू लागला. २३ जुलैला जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर केली. त्याच महिन्यात लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या प्रा. क्लोई ऑर्किन यांच्या पुढाकाराने १६ देशांतल्या ५२८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ९८ टक्के रुग्ण समलिंगी किंवा उभयलिंगी पुरुष होते आणि ४१ टक्के एचआयव्हीबाधित.

निदान करताना डॉक्टर गोंधळले, याचं कारणही या अभ्यासात दिसतं. पाठ्यपुस्तकात ताप, मग सुजलेल्या गाठी, मग चेहऱ्यापासून हातापायांपर्यंत एकाच वेळी पिकणारे फोड, असा क्रम होता. इथे दहापैकी एकाच्या जननेंद्रियावर फक्त एकच फोड होता. काहींना पुरळ दिसायच्या आधी गुदद्वारात असह्य कळा येत होत्या. अशा रुग्णाला सिफिलिस आहे, नागीण आहे की कांजिण्या, हे नुसतं बघून सांगता येत नाही. एचआयव्ही बळावलेल्या रुग्णात तर कोडं आणखी अवघड होतं. मधोमध खळगी असलेले फोड मोलस्कम या त्वचारोगातही येतात आणि रक्तातून पसरलेल्या बुरशीच्या संसर्गातही. शिवाय एक रोग सापडला म्हणजे दुसरा नाही, असंही नाही. अनेक रुग्णांत सिफिलिस किंवा गनोरिया सोबत निघत होता.

खात्रीचा मार्ग एकच: फोडावर कोरडा स्वाब जोराने घासायचा, शक्यतो एकाहून अधिक फोडांवरून नमुने घ्यायचे आणि पीसीआर चाचणीला पाठवायचे. फोड फोडून आतला द्रव काढायची गरज नाही. वरच्या पापुद्र्यात विषाणू पुरेसा असतो. आणि एमपॉक्सचा, म्हणजेच मंकीपॉक्सचा, संशय आला की त्याच भेटीत एचआयव्ही आणि सिफिलिसची चाचणीही करायची. या साथीने दिलेला हा सगळ्यात साधा नियम आहे.

ऑर्किन यांच्या अभ्यासात एक दिलासाही होता. एचआयव्ही असलेल्या आणि नसलेल्या रुग्णांच्या आजारात फारसा फरक नव्हता आणि ५२८ मध्ये एकही मृत्यू नव्हता. मग ओगोइना यांचं निरीक्षण चुकलं होतं का? नव्हतं. या अभ्यासातले बहुतेक सगळे एचआयव्हीबाधित एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं, नियमित घेत होते. त्यांचा एचआयव्ही दबलेला होता, प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशी पुरेशा होत्या. एचआयव्ही असूनही त्यांचं शरीर लढायला समर्थ होतं.

औषधाबाहेर राहिलेल्यांचं चित्र ऑक्टोबर २०२२ मध्ये समोर आलं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने गंभीर आजारामुळे रुग्णालयात असलेल्या ५७ जणांची माहिती मांडली. त्यांपैकी ४७ जणांना एचआयव्ही होता आणि या ४७ पैकी फक्त चौघे आधीपासून एआरटीवर होते. ज्यांची सीडी-४ संख्या माहीत होती, त्यांतल्या जवळपास तीन चतुर्थांश रुग्णांची ती ५० च्या खाली होती. निरोगी माणसात ती पाचशेच्या पुढे असते. ५७ पैकी १२ जण दगावले. यातले दोन तृतीयांशाहून अधिक रुग्ण कृष्णवर्णीय होते आणि जवळपास चौथा हिस्सा बेघर. जगातली सगळ्यात महागडी आरोग्यव्यवस्था असलेल्या देशात, जिथे एआरटी पंचवीस वर्षांहून अधिक काळ उपलब्ध होती, तिथे ही माणसं तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्सिलोनाचे डॉ. ओरिओल मित्हा, ऑर्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९ देशांतून सीडी-४ संख्या ३५० पेक्षा कमी असलेल्या ३८२ रुग्णांचा अभ्यास मांडला. २७ जण मरण पावले होते आणि प्रत्येकाची सीडी-४ संख्या २०० च्या आत होती. दोनशेच्या वर एकही मृत्यू नाही. इतकी स्वच्छ रेषा वैद्यकशास्त्रात क्वचित आखली जाते.

त्या रेषेखाली काय होतं, ते डोळ्यांसमोर आणायला हवं. सामान्यतः एमपॉक्सचा फोड दोन ते चार आठवड्यांत सुकतो, खपली धरतो आणि गळून जातो. सीडी-४ शंभरच्या खाली गेलेल्या रुग्णात तो सुकत नाही. कडा पसरत जातात, मधला भाग काळा पडतो, मरतो आणि झडतो, खाली उघडी जखम राहते. शेजारचे फोड एकमेकांत मिसळतात. चेहरा, हात, जननेंद्रियं यांचं रूप बदलतं. शंभरच्या खालच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत अशा कुजणाऱ्या जखमा होत्या. विषाणू फुप्फुसांत उतरतो, जखमांतून जिवाणू रक्तात शिरतात. हे महिनोन्‌महिने चालतं. या अभ्यासकांनी मागणी केली की असा उग्र एमपॉक्स हा एड्सची व्याख्या ठरवणाऱ्या आजारांच्या यादीत घातला जावा.

उपचारांचा प्रवास निराशेतून शहाणपणाकडे गेला. टेकोविरिमॅट हे औषध अमेरिकेत २०१८ साली देवीसाठी मंजूर झालं होतं, तेही प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या आधारे. २०२२ मध्ये ते हजारो रुग्णांना देण्यात आलं. मग खऱ्या चाचण्या झाल्या. काँगोत डॉ. जाँ-जाक मुयेंबे यांच्या नेतृत्वाखाली ५९७ रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल ऑगस्ट २०२४ मध्ये आला: औषधाने फोड लवकर बरे झाले नाहीत. डिसेंबरमध्ये दुसऱ्या, अनेक देशांत चाललेल्या चाचणीनेही तेच सांगितलं. प्रतिकारशक्ती खालावलेल्या काही रुग्णांत तर विषाणूने या औषधाला दाद न देणारं रूप धारण केलं.

पण काँगोच्या चाचणीत एक गोष्ट लपून राहिली नाही. औषध मिळालेले असोत की नसोत, दाखल झालेल्या रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण १.७ टक्के होतं, देशातल्या एकूण प्रमाणाच्या निम्म्याहूनही कमी. पोटभर अन्न, पाणी, जखमांची स्वच्छता, वेदनाशमन, जिवाणूसंसर्ग आणि मलेरियावर वेळीच इलाज, यांनी माणसं वाचली होती.

एचआयव्हीबाधिताच्या बाबतीत या यादीत एआरटी पहिल्या ओळीत येते. इथे एक पेच आहे. औषध सुरू झाल्यावर शरीराची जागी होणारी प्रतिकारशक्ती कधी कधी विषाणूवर इतकी तुटून पडते की आजार भडकतो. मित्हांच्या अभ्यासात एआरटी नव्याने किंवा पुन्हा सुरू केलेल्या ८५ पैकी २१ जणांत हा संशय होता आणि त्यातले १२ दगावले. तरीही एआरटी लांबवू नये, रुग्णावर बारीक नजर ठेवून ती लवकर सुरू करावी, असंच आज सांगितलं जातं. कारण प्रतिकारशक्ती परत आल्याखेरीज हा विषाणू शरीरातून जात नाही.

प्रतिबंधाची लढाई खुद्द बाधित समाजाने लढली, हे इतिहासात ठळकपणे नोंदवलं पाहिजे. युरोप-अमेरिकेतल्या समलिंगी पुरुषांनी एड्सच्या दिवसांपासून उभ्या केलेल्या संघटना कामाला लागल्या. लोकांनी जोडीदार कमी केले, लक्षणांची माहिती एकमेकांना दिली, लशीसाठी तासन्‌तास रांगा लावल्या. लशीचे दोन डोस चार आठवड्यांच्या अंतराने घ्यायचे असतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात एका डोसने ३६ टक्के, तर दोन्ही डोसांनी ६६ टक्के संरक्षण दिल्याचं दिसलं. जर्मनीतल्या अभ्यासात एचआयव्हीबाधितांना एका डोसने मिळालेलं संरक्षण इतरांपेक्षा बरंच कमी आढळलं. म्हणून एचआयव्ही असलेल्या माणसाने दुसरा डोस टाळायचा नसतो. जुन्या पद्धतीची, शरीरात वाढणारी लस मात्र त्याला द्यायची नसते. १९८४ च्या त्या जवानाची हकीकत आजही लागू आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये, रोगाच्या नावावरून होणारी हेटाळणी थांबावी म्हणून, जागतिक आरोग्य संघटनेने एमपॉक्स हे नवं नाव सुचवलं. ११ मे २०२३ रोजी आणीबाणी उठली, तोवर १११ देशांत ८७,००० हून अधिक रुग्ण आणि १४० मृत्यू नोंदले गेले होते. श्रीमंत देशांत साथ ओसरली. नायजेरिया आणि काँगोला मात्र संशोधनातल्या चाचण्यांपलीकडे लशीचा एकही डोस मिळाला नव्हता. त्याच वर्षी काँगोच्या दक्षिण किवू प्रांतातल्या कामितुगा या सोन्याच्या खाणींच्या गावात विषाणूचा नवा प्रकार पसरू लागला. देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया आणि खाणकामगार त्यात आधी सापडले. या प्रकारात जनुकाचा एक तुकडा गळाला होता, त्यामुळे एक प्रचलित चाचणी त्याला ओळखतच नव्हती. १४ ऑगस्ट २०२४ रोजी दुसऱ्यांदा आणीबाणी जाहीर झाली. तिचा सल्ला देणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. दिमी ओगोइना. त्या महिनाअखेरीस नायजेरियाला १०,००० डोस मिळाले, सप्टेंबरमध्ये काँगोला पहिला साठा पोचला. ओकोलोबिरीच्या त्या मुलाला तपासून सात वर्षं झाली होती.

आपला देश या कहाणीबाहेर नाही. १४ जुलै २०२२ रोजी केरळात भारतातला पहिला रुग्ण आढळला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस संयुक्त अरब अमिरातीतून परतलेला २२ वर्षांचा तरुण त्रिशूरला दगावला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने रुग्णाच्या नमुन्यातून विषाणू वेगळा केला, त्यामुळे देशात चाचणी संच तयार करण्याला आधार मिळाला. मुंबईच्या कस्तुरबा रुग्णालयाने पहिला रुग्ण येण्याआधीच २८ खाटांचा कक्ष राखून ठेवला होता. नवा प्रकार सप्टेंबर २०२४ मध्ये केरळच्या मलप्पुरममध्ये पोचला. २०२५ मध्ये बव्हेरियन नॉर्डिकने लशीच्या निर्मितीसाठी पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटशी करार केला.

आपल्याकडची सर्वांत मोठी ढाल मात्र यापेक्षा जुनी आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटी मोफत मिळते. मुंबईचं जे. जे. रुग्णालय सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक. २०१७ पासून सीडी-४ संख्या कितीही असो, निदान झाल्याबरोबर औषध सुरू करण्याचं धोरण आहे. त्या गोळीने एचआयव्हीबाधिताला एमपॉक्सच्या मृत्युरेषेच्या पलीकडे सुरक्षित ठेवलं आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, तेव्हा आफ्रिकेतल्या अनेक एचआयव्ही कार्यक्रमांना हादरा बसला. असा हादरा फक्त एड्सचा प्रश्न राहत नाही, हे या इतिहासाने दाखवून दिलं आहे.

५ सप्टेंबर २०२५ रोजी दुसरी आणीबाणीही उठली. विषाणू कुठेच गेलेला नाही. एचआयव्ही असणं हे या रोगात मरणाचं कारण नव्हतं. एचआयव्ही आहे हे न कळणं, कळूनही औषध न मिळणं, मिळूनही लाजेपायी किंवा गरिबीपायी ते सुटणं, ही कारणं होती. म्हणून ज्यांना एआरटी सुरू आहे त्यांनी ती एक दिवसही चुकवू नये. अंगावर, विशेषतः जननेंद्रियांवर, न कळणारा फोड आला तर लपवू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावा. आणि अशा रुग्णाला तपासणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने स्वाब घेताना एचआयव्हीची चाचणीही सुचवावी, दोष न देता, आवाज न चढवता. वेळेवर झालेली ती एक चाचणी रुग्णाचा जीव वाचवू शकते.